घर कुणाच्या नावावर? जकार्ताच्या उपनगरातले तीन आठवडे

निघताना आपाने बॅगेत आंबापोळी, आमसुलं आणि बाळासाठी चांदीचे वाळे घातले, आणि रिक्षा सुटेपर्यंत एकच गोष्ट तीनदा सांगितली. "अकीका होऊ दे, सगळं नीट होऊ दे. पण एवढं विचारून ये. घर कुणाच्या नावावर होणार?"

आपा म्हणजे माझी मोठी बहीण. तिचा मुलगा नऊ वर्षांपासून इंडोनेशियात नोकरीला आहे. चार वर्षांपूर्वी त्याने तिथल्याच मुलीशी निकाह केला. मुलगी मध्य जावातली, शिकलेली, शाळेत शिक्षिका. आता त्यांना मुलगा झाला आणि भाड्याच्या घराऐवजी स्वतःचं घर घ्यावं असा विचार सुरू झाला. पैसे कमी पडत होते. भाच्याने आईला फोन करून सुचवलं की कलमांच्या बागेचा वरचा, रस्त्याला लागलेला तुकडा विकावा. आपाच्या गुडघ्यांनी तिला विमानात बसू दिलं नाही, म्हणून माझी रवानगी झाली.

विमानतळ जकार्ताचा म्हणतात, पण प्रत्यक्षात तो शेजारच्या तांगेरांग शहरात आहे. त्यामुळे सेरपोंगला जायला जकार्तात शिरावंही लागत नाही. दक्षिणेकडे वळलेली गाडी तासाभरात रुंद, झाडांच्या रस्त्यांवर आली. हे दक्षिण तांगेरांग. २००८ साली वेगळी महापालिका झालेलं शहर, २०२०च्या जनगणनेत साडेतेरा लाख वस्ती. कागदावर ते बांतेन प्रांतात मोडतं, पण तिथल्या माणसाला विचाराल तर तो "मी जकार्ताचा" म्हणूनच सांगेल, जसा आपला मुंब्र्याचा माणूस गावी आला की मुंबईचा होतो.

या भागात सगळ्यात मोठी वसाहत आहे ती बे-एस-दे. पूर्ण नाव बुमी सेरपोंग दामाई. बुमी म्हणजे आपली भूमी, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. पूर्वी इथे रबराचे मळे होते. १९८४ साली काही बड्या बांधकाम कंपन्यांनी एकत्र येऊन ही योजना आखली, १९८९ला घरं विकायला सुरुवात झाली, आणि आराखडा जवळपास सहा हजार हेक्टरांचा. शेजारची बिंतारो जया त्याहून जुनी, १९७९ची. दोन्हीकडे एकच रचना. मोठ्या रस्त्यावरून कमानीत शिरायचं, तिथे पहारेकरी, आत एकसारख्या घरांच्या गल्ल्या. अशा प्रत्येक तुकडीला तिथे 'क्लस्टर' म्हणतात. आणि दोन क्लस्टरच्या मधे, भिंतीपलीकडे, जुनं काम्पुंग, म्हणजे मूळ गाव. तिथल्या गल्ल्या अरुंद, कोंबड्या मोकळ्या, आणि मशीद बहुतेक वेळा तिथेच.

भाच्याचं भाड्याचं घर क्लस्टरमधलं, पण फजरची अजान काम्पुंगमधून यायची. पहिल्या सकाळी भाचा मशिदीतून परत येऊन म्हणाला, "खाला, इथे आपल्यासारखंच कुनूत पढतात." कोकणातले आपण शाफई, आणि इंडोनेशियाही मोठ्या संख्येने शाफई. मुंबईत कामाला गेल्यावर हनफी मशिदीत फजरला कुनूत नसतो, म्हणून आमच्या वडिलांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. जकार्ताजवळ मात्र त्यांना घरी असल्यासारखं वाटलं असतं. सगळीकडे असं नाही. नहदतुल उलमाच्या वळणाच्या मशिदीत कुनूत असतो, मुहम्मदियाच्या मशिदीत नसतो, आणि लोक आपापली मशीद ओळखून असतात.

मला जास्त नवल बायकांचं वाटलं. मशिदीत त्यांना जागा असते, आणि तिथे ठेवलेला पांढरा, डोक्यापासून पायापर्यंतचा मुकेना अंगावर चढवून कामावरून येणारी बाई पाच मिनिटांत नमाज अदा करून पुढे जाते. मॉलमध्ये, स्टेशनवर, पेट्रोलपंपावर मुशोला म्हणजे नमाजाची खोली असतेच. पायातल्या चपलांची रांग बघून ती सापडते.

सकाळी सहाला भाजीवाला ढकलगाडी घेऊन क्लस्टरमध्ये येतो. त्याला तुकांग सायूर म्हणतात. गाडीवर पालेभाजी, तोफू, मासळी, मिरच्या, सगळं छोट्या पिशव्यांत लटकवलेलं. बायका दारात जमतात, आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते भाजीबरोबर कळतं. मला भाषा येत नव्हती तरी पहिल्या तीन दिवसांत माझी माहिती सगळ्या गल्लीला होती. भात, नारळ, मासे, गूळ. तांदळाच्या पिठात ताडाचा गूळ भरून उकडलेला आणि ओल्या खोबऱ्यात घोळवलेला क्लेपोन खाल्ला तेव्हा मला आपाच्या हातचा मोदक आठवला.

गल्लीचा कारभार एर-ते बघतो. रुकुन तेतांगा, म्हणजे शेजाऱ्यांची मंडळी. दहा-वीस ते शंभरेक घरांचा एक गट, त्यावर निवडलेला प्रमुख, अशा गटांवर पुन्हा एर-वे. कागदपत्रावर पत्ता बदलायचा असेल, कुणाचा मृत्यू झाला, कुणी पाहुणा राहायला आला, सगळं आधी त्याच्याकडे. कमानीवर पाटीच असते की पाहुण्याने चोवीस तासांत नोंद करावी. माझीही झाली. प्रमुख निवृत्त कारकून होते. त्यांनी माझा पासपोर्ट बघितला, चहा दिला आणि "मुंबई? शाहरुख खान?" एवढंच विचारलं.

आणि बायकांचं अरिसान. महिन्यातून एकदा सगळ्यांनी ठरलेली रक्कम आणायची, चिठ्ठी काढायची, जिच्या नावाची निघेल तिला सगळे पैसे. म्हणजे आपली भिशी! फरक एवढाच की तिथे ती उघड, नवऱ्याच्या देखत, खाण्यापिण्यासह चालते. त्याच घरांत आठवड्याला पेंगाजियान, म्हणजे कुरआनचा दर्स. सून म्हणाली की या गल्लीत राहायचं कारण विचाराल तर मी घराच्या किमतीआधी या बायका सांगेन. बाळंतपणात तिची आई दूर गावी होती आणि चाळीस दिवस डबा या बायकांनी पोचवला.

अकीका साधाच झाला. मुलगा म्हणून दोन बकरे. तिथे हे काम करणारी दुकानंच आहेत. बकरा तुम्ही निवडा, ते जबह करून, शिजवून, भाताबरोबर खोक्यांत भरून घरपोच आणतात. शंभर खोकी. निम्मी काम्पुंगमध्ये गेली. वाळे बघून शेजारणी हसल्या, पण बाळाच्या पायात घातले तेव्हा प्रत्येकीने फोटो काढला.

मग घर बघायला सुरुवात झाली.

तिथे घराचं माप वेगळ्या तऱ्हेने सांगतात. "तिपे ३६/७२" म्हणजे बांधकाम छत्तीस चौरस मीटर आणि जमीन बहात्तर चौरस मीटर. आपल्या हिशेबात पावणेचारशे-चारशे चौरस फुटांचं घर आणि पावणेआठशे फूट जागा. मध्यमवर्गीय माणूस इथून सुरुवात करतो आणि मागे किंवा वर वाढवत जातो. नव्या, झगमगीत क्लस्टरमध्ये जागा तेवढीच, पण किंमत ऐकून आम्ही नमुना घरातला एसी खाऊन बाहेर आलो. स्वस्तात हवं तर रेल्वे धरून पश्चिमेला सरकायचं. तानाह आबांग या जकार्तातल्या मोठ्या कापडबाजाराच्या स्टेशनापासून निघणारी लोकल रावा बुंतू, सेरपोंग, चिसाऊक करत पुढे पारुंग पांजांग, माजा आणि शेवटी रांगकासबितुंगपर्यंत जाते. विजेची गाडी शेवटपर्यंत २०१७ साली पोचली, आणि जशी ती पुढे सरकली तशा घरांच्या जाहिराती तिच्यामागून सरकल्या. विरारची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, तीच.

लोकल मात्र बघण्यासारखी. बरेचसे डबे जपानमध्ये वापरून झालेले, इथे आणलेले. पहिला आणि शेवटचा डबा बायकांचा. पंचवीस किलोमीटरपर्यंत भाडं तीन हजार रुपिया, म्हणजे आपले सोळा-सतरा रुपये. सकाळी गर्दी अशी की मला चर्चगेटची आठवण आली, पण दारात कुणी लटकत नाही, दारं बंद होतात. भाचा म्हणतो घर स्टेशनपासून चालत किंवा दुचाकीने दहा मिनिटांत असलं पाहिजे. कारने जायचं तर टोलरस्त्यावर उजाडतं आणि टोलरस्त्यावरच मावळतं. गुंतवणूक म्हणून विचार केला तरी हाच निकष मला पटला. ज्या घराला भाडेकरू रेल्वेसाठी येईल, ते रिकामं राहत नाही. मोठाल्या क्लस्टरमध्ये संध्याकाळी दिवे न लागणारी घरं मी पुष्कळ पाहिली. ती गुंतवणुकीची घरं. घेणाऱ्यांनी भाव वाढेल म्हणून घेतली, भाडेकरू मिळाला नाही, आणि दरमहा देखभालीची वर्गणी आणि वर्षाला मालमत्ता कर भरत बसले. भाडं तिथे बहुधा वर्षाचं एकदम घेतात, त्यामुळे एक भाडेकरू गेला की वर्ष कोरडं जायची भीती. उलट काम्पुंगच्या कडेला कोस, म्हणजे विद्यार्थी आणि नोकरदार मुलींसाठी आठ-दहा खोल्या बांधून भाड्याने देणाऱ्या एका आजीबाईंचं बरं चाललेलं दिसलं. त्या स्वतः तिथेच राहतात, हे त्यातलं खरं भांडवल.

पाण्याचं सांगायचं राहिलं. प्रत्येक जाहिरातीवर "बेबास बांजिर", पूरमुक्त, असं छापलेलं असतं. १ जानेवारी २०२० रोजी जकार्ताच्या हालिम विमानतळावर एका दिवसात ३७७ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरासकट आजूबाजूची उपनगरं बुडाली. याच दक्षिण तांगेरांगमध्ये सितू गिंतुंग नावाचा डच काळातला मातीचा बंधारा होता. त्याच्या खाली, पाण्याच्या वाटेवर घरं वाढत गेली. २७ मार्च २००९ला पहाटे तो फुटला आणि शंभराच्या आसपास माणसं गेली. मे २०२०मध्ये सेरपोंगच्या चिपेउचांग कचराडेपोची भिंत कोसळून कचरा चिसादाने नदीत गेला. म्हणून जाहिरात वाचू नये, जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन भिंतीवरच्या ओलीच्या रेषा बघाव्यात आणि भाजीवाल्याला विचारावं. आम्ही विचारलं. आवडलेल्या तीन घरांपैकी एका गल्लीत त्याची गाडी पावसाळ्यात चार दिवस जात नाही, असं तो म्हणाला. ते घर यादीतून गेलं.

आता आपाचा प्रश्न.

मला वाटत होतं, घर घेतलं की सातबाऱ्यावर नाव लागावं तसं तिथेही नाव लागतं. तसं नाही. तिथे जमिनीवरचा हक्कच तीन-चार तऱ्हांचा आहे, आणि शब्द ऐकून मला हसू आलं, कारण ते आपलेच होते. १९६०च्या जमीन कायद्याने ठरवलेले. सगळ्यात वरचा 'हाक मिलिक', म्हणजे मिल्कियतीचा हक्क. कायमचा, वारसाने जाणारा, आणि माणसांपैकी फक्त इंडोनेशियन नागरिकाला मिळणारा. दुसरा 'हाक गुना बंगुनान', इमारत बांधून वापरायचा. तो तीस वर्षांचा, पुढे वीस आणि पुन्हा तीस वर्षांनी वाढवता येणारा. बांधकाम कंपन्यांना जमीन याच हक्काने मिळते, म्हणून क्लस्टरमधलं घर बहुधा याच कागदावर विकलं जातं. विकत घेणारा नागरिक असेल तर तो पुढे अर्ज करून त्याचा हाक मिलिक करून घेऊ शकतो. आणि तिसरा 'हाक पाकाई', वापराचा हक्क. परदेशी माणसाला जमिनीवरचं घर घ्यायचं तर हाच. २०२१च्या नियमाने त्याचीही मुदत तीस, वीस, तीस अशी. एका कुटुंबाला एकच जमीन, दोन हजार चौरस मीटरच्या आत, आणि इमिग्रेशनचे वैध कागद हवेत.

भाचा भारतीय नागरिक. म्हणजे त्याच्यासाठी हाक पाकाई. पण त्यातही मेख आहे. परदेशी माणसाने स्वस्त घरं घेऊन स्थानिकांना महाग करू नयेत म्हणून सरकारने किमान किंमत ठरवली आहे. जकार्ता आणि बांतेन दोन्हीकडे जमिनीवरच्या घरासाठी ती पाच अब्ज रुपिया, आपल्या पैशात अडीच कोटींच्या पुढे. बाग सगळी विकली तरी एवढे होत नाहीत. वाट बंद.

दुसरी वाट त्याच्या ऑफिसातल्या मित्राने सुचवली होती. घर मित्राच्या नावावर घ्यायचं, पैसे भाच्याने द्यायचे, आणि खासगीत एक करारपत्र करून ठेवायचं की खरा मालक हा. "सगळेच करतात," असं तो म्हणे. सगळेच करतात या वाक्याने आपल्याकडेही किती घरं बसली! त्याच १९६०च्या कायद्याचं सव्विसावं कलम सांगतं की आडमार्गाने परदेशी माणसाकडे मिल्कियत जाईल असा कोणताही व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. मित्र कितीही सज्जन असो, तो उद्या मेला तर त्याच्या बायकोमुलांना तो खासगी कागद काय बांधील राहणार? मी भाच्याला एवढंच विचारलं, "हे तुझ्या आईला फोनवर सांगशील?" तो गप्प बसला.

उरली तिसरी वाट. सुनेच्या नावावर.

इथेही कायद्याची एक गाठ होती. १९७४च्या विवाह कायद्याप्रमाणे लग्नानंतर घेतलेली मालमत्ता नवराबायकोची सामाईक. नवरा परदेशी असेल तर सामाईक म्हणजे अर्धी परदेशी माणसाची, आणि मग बायको नागरिक असूनही तिला मिल्कियत मिळायला अडचण. लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार केलेला असेल तरच सुटका. निकाहाच्या गडबडीत असा करार कोण करतो? एका इंडोनेशियन बाईचा नवरा जपानी होता. असा करार नाही म्हणून तिने घेतलेला फ्लॅट तिला मिळेना, तेव्हा ती घटनात्मक न्यायालयात गेली. २७ ऑक्टोबर २०१६ला निकाल लागला की असा करार लग्न टिकून असताना कधीही करता येईल. त्या एका बाईच्या हट्टाने हजारो घरांचा मार्ग मोकळा झाला.

म्हणजे करार करायचा, आणि घर पूर्णपणे सुनेचं. भाच्याचं त्यात कायद्याने काही नाही. ती आधी गेली तर शरीयतप्रमाणे मुलगा असताना नवऱ्याचा चौथा हिस्सा, पण परदेशी म्हणून तो त्याला वर्षभरात विकून किंवा देऊन मोकळा करावा लागेल. न केल्यास हक्क संपतो. मुलाचं नागरिकत्वही महत्त्वाचं. इंडोनेशियाच्या २००६च्या कायद्याने मिश्र विवाहातल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत दोन्ही नागरिकत्वं ठेवता येतात आणि एकविसाव्या वर्षाच्या आत निवड करायची असते. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून त्यांनी मुलाचे कागद तिथलेच केले.

नोतारिसबाईंच्या कार्यालयात आम्ही तिघं गेलो, बाळासह चौघं. जमिनीचे दस्त करायचा अधिकार असलेल्या या बाई हिजाबात, समोर फायलींचा डोंगर. त्यांनी खर्चाचा हिशेब मांडला. घेणाऱ्याला हस्तांतराचा कर पाच टक्के, काही रक्कम माफ करून. विकणाऱ्याला अडीच टक्के. दस्ताची फी जास्तीत जास्त एक टक्का. नवं घर असेल तर मूल्यवर्धित करही, त्यात सरकार अधूनमधून सवलत देतं. दस्ताआधी प्रमाणपत्र जमीन कार्यालयात तपासून घ्या, बँकेचा बोजा, वाद काही आहे का बघा, आणि बांधून न झालेल्या घराचा करार कंपनीने किमान पाचवा हिस्सा बांधल्याशिवाय करू नका. शेवटी त्या भाच्याकडे वळून म्हणाल्या, "पैसे तुम्ही देणार. ते बायकोला बक्षीस की कर्ज, हे आजच लिहा. नंतर आठवण वेगवेगळी होते."

आपल्याकडे हिबा हा शब्द सगळ्यांना ठाऊक असतो, पण कागदावर किती जण लिहितात?

कर्जाचंही बघितलं. साध्या बँकेचं गृहकर्ज पहिली काही वर्षं ठरलेल्या कमी दराने आणि मग बाजारभावाने. तिथेच पुष्कळांचे हप्ते अचानक फुगतात. भाच्याला व्याज नकोच होतं. इंडोनेशियात बँक मुआमलात १९९२पासून आहे आणि २०२१ साली तीन सरकारी शरीया बँका मिळून बँक शरीया इंडोनेशिया झाली. त्यांची नेहमीची पद्धत मुराबहा. बँक घर घेते, आपला नफा उघड सांगून ठरलेल्या किमतीला तुम्हाला विकते, आणि ती किंमत हप्त्यांनी फेडायची. शेवटच्या हप्त्यापर्यंत आकडा बदलत नाही. ऐपत असून हप्ता चुकवला तर दंड लागतो, पण तो बँकेच्या नफ्यात न जाता समाजकार्याच्या खात्यात जातो. दुसरी पद्धत भागीदारीची, ज्यात बँकेचा हिस्सा हळूहळू विकत घेत जायचा आणि उरलेल्या हिश्शाचं भाडं द्यायचं. त्यात भाडं मधेमधे बदलू शकतं. मुराबहा स्वस्त असतो असं मी सांगणार नाही. सुरुवातीला हप्ता साध्या बँकेपेक्षा जास्तच होता. पण पंधरा वर्षांनंतरचा हप्ताही आज कळतो, हे शिक्षिकेच्या पगारावर घर घेणाऱ्याला मोठं वाटतं. आपल्याकडे बँकेत अशी सोय नाही, म्हणून मी सगळं वहीत लिहून घेतलं.

'शरीया' हा शब्द बघून मात्र हुरळू नये. तिथे काही बिल्डर "बँक नाही, व्याज नाही, दंड नाही, जप्ती नाही" म्हणून घरं विकतात. त्यात प्रामाणिक आहेत तसे ठगही. डिसेंबर २०१९मध्ये जकार्ता पोलिसांनी अशाच एका टोळीला पकडलं, तेव्हा साडेतीन हजारांहून जास्त लोकांचे पैसे गेल्याचं समोर आलं. जमीनच त्यांच्या नावावर नव्हती. लोकांनी कागद बघितला नाही, कारण विकणाऱ्याने बिस्मिल्लाहने सुरुवात केली होती.

एवढं सगळं झाल्यावर मी रात्री सुनेला समोर बसवून आपाचं म्हणणं सांगितलं. सरळच सांगितलं. कोकणातल्या आईने बाग विकायची आणि घर परक्या देशात सुनेच्या नावावर, हे आपाला जड जातंय. सुनेला राग आला असता तर मी समजू शकले असते. तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "खाला, बाग कुणाच्या नावावर आहे?"

मी म्हटलं, "त्याच्या अब्बांच्या. ते जाऊन सहा वर्षं झाली."

"मग वाटणी?"

वाटणी झाली नव्हती. भाच्याला एक बहीण आहे, चिपळूणला दिलेली. लग्नानंतर तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची असं घरात बोललं जायचं, आणि सगळ्यांनी ते धरूनच चाललेलं होतं. भाचा बाग विकायची म्हणत होता तेव्हा त्यात तिचं काही आहे हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नव्हतं, हे कबूल करते. सुनेने बोटांवर हिशेब केला. आईचा आठवा, उरलेल्यात मुलाचे दोन आणि मुलीचा एक. बागेचे चोवीस भाग केले तर आईचे तीन, मुलाचे चौदा, मुलीचे सात. "सात भाग तिचे आहेत," ती म्हणाली. "ते पैसे या घरात आले तर मी इथे नमाज कशी पढू?"

भाचा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. बऱ्याच वेळाने परत आला.

तिसऱ्या आठवड्यात करार झाला, आणि निकाहाची नोंद असते त्या धार्मिक कार्यालयात तो नोंदवला. मोठ्या क्लस्टरमधलं घर सोडून दिलं. स्टेशनपासून दुचाकीवर आठ मिनिटांवर, बारा वर्षं जुनं, ३६/७२चं एक घर ठरलं, पाणी न भरणाऱ्या गल्लीत. हाक मिलिकचा कागद आधीच झालेला. इसारा भाच्याच्या बचतीतून, बाकी सुनेच्या नावावर मुराबहाने. इसाऱ्यातली रक्कम हिबा म्हणून लिहिली गेली. आईकडून पैसे आलेच असते तर भारतातून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवायची मुभा आहे, बँक मार्गदर्शन करते, हे मी विचारून ठेवलं होतं. त्याची गरज लागली नाही.

घरी येऊन आपाला सगळं सांगितलं. ती बराच वेळ पायाला तेल चोळत राहिली.

"तिच्या नावावर," ती म्हणाली.

"तिच्या नावावर."

"आणि तिने सात भाग मोजले?"

"बोटांवर."

आपाने तेलाची बाटली बंद केली. "तलाठ्याकडे जायचं तर सोमवारी जाऊ. चिपळूणला फोन लाव, तिलाही येऊ दे."